कंपनीचे कर्ज आणि हमीदाराचे वैयक्तिक दायित्व

मर्यादित दायित्व हा आधुनिक कंपनी व्यवस्थेचा पाया मानला जातो. कंपनी ही तिच्या भागधारकांहून वेगळी अशी कायदेशीर व्यक्ती असते. तिचे कर्ज हे तिचे स्वतःचे कर्ज असते आणि भागधारकाने आपल्या भागांची पूर्ण रक्कम भरलेली असेल तर कंपनी बुडाली तरी त्याच्या घरादाराला धक्का लागत नाही. इंग्लंडमधील हाऊस ऑफ लॉर्ड्सने १८९६ मध्ये सॉलोमन खटल्यात हे तत्त्व निःसंदिग्धपणे मांडले आणि भारतीय कंपनी कायद्यानेही ते स्वीकारले. प्रत्यक्षात मात्र एखादी खासगी मर्यादित कंपनी बँकेकडे खेळत्या भांडवलासाठी कर्ज मागण्यास जाते, तेव्हा कर्जाच्या कराराबरोबर आणखी एक दस्तऐवज स्वाक्षरीसाठी पुढे येतो. तो म्हणजे संचालकांचे वैयक्तिक हमीपत्र होय. कंपनी कायद्याने दिलेले संरक्षण या एका स्वाक्षरीने संचालक त्या कर्जापुरते स्वतःहून सोडून देतो.

भारतात गेल्या काही वर्षांत या हमीपत्राचे आर्थिक आणि कायदेशीर वजन फार वाढले आहे. नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ आणि तिच्या अनुषंगाने आलेले सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय हे त्याचे मुख्य कारण आहे. परंतु विषयाची मुळे १८७२ च्या भारतीय करार कायद्यात आहेत आणि ती समजून घेतल्याशिवाय अलीकडच्या घडामोडींचा अर्थ लागत नाही.

करार कायद्यातील चौकट

करार कायद्याच्या आठव्या प्रकरणात, कलम १२४ ते १४७ मध्ये, क्षतिपूर्ती आणि हमी या दोन्ही करारांचा विचार केला आहे. कलम १२६ नुसार एखाद्या तिसऱ्या व्यक्तीने कर्ज फेडण्यात कसूर केल्यास ते आपण फेडू, असे वचन देणारा करार म्हणजे हमीचा करार. वचन देणारा तो हमीदार, ज्याच्यासाठी वचन दिले तो मूळ ऋणको आणि ज्याला दिले तो धनको. क्षतिपूर्तीच्या करारात दोनच पक्ष असतात, हमीच्या करारात तीन. व्यवहारात हमीदाराला आपण ‘जामीनदार’ म्हणतो. फौजदारी खटल्यातील जामिनाशी या विषयाचा संबंध नाही, एवढे येथे नोंदवणे पुरेसे आहे.

हमीदाराला या व्यवहारातून स्वतःला काही मिळालेच पाहिजे असे नाही. मूळ ऋणकोच्या लाभासाठी धनकोने काही केले तरी तो हमीसाठी पुरेसा मोबदला ठरतो, असे कलम १२७ सांगते. त्यामुळे ‘मला या कर्जातला एक रुपयाही मिळाला नाही’ हा हमीदाराचा नेहमीचा बचाव न्यायालयात टिकत नाही.

या प्रकरणाचा गाभा कलम १२८ मध्ये आहे. करारात वेगळे ठरले नसेल तर हमीदाराचे दायित्व मूळ ऋणकोच्या दायित्वाइतकेच असते. कायद्याच्या भाषेत ते सहविस्तारी असते. मुद्दल, व्याज, दंडव्याज, वसुलीचा खर्च, जे जे कंपनीकडून येणे आहे, ते ते हमीदाराकडूनही येणे असते. हमीपत्रात कमाल रक्कम नमूद असेल तर दायित्व तेवढ्यापुरते सीमित राहते.

सर्वसामान्य समज असा असतो की बँकेने आधी कंपनीकडून वसुलीचे सर्व प्रयत्न करावेत, तिची मालमत्ता विकावी आणि उरलेल्या रकमेसाठीच जामीनदाराच्या दारात यावे. न्यायबुद्धीला हे पटणारे असले तरी कायदा तसा नाही. बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात खालच्या न्यायालयाने हुकूमनामा देताना नेमकी अशीच अट घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये ती रद्द केली. धनकोला हमीदाराकडे जाण्यापूर्वी थांबायला लावले तर हमी घेण्याचा हेतूच विफल होतो, असा त्या निर्णयाचा आशय होता. बँकांनी व वित्तीय संस्थांनी दिलेल्या कर्जांच्या वसुलीबाबतच्या २००२ च्या प्रतिभूतिकरण कायद्यानेही हीच दिशा कायम ठेवली. त्या कायद्यातील ‘कर्जदार’ या संज्ञेतच हमीदाराचा समावेश आहे आणि तारण मालमत्तेवर कारवाई न करता थेट हमीदाराविरुद्ध जाण्याची मुभा कलम १३(११) ने दिली आहे.

चालू राहणारी हमी

कंपन्यांच्या व्यापारी कर्जात सर्वाधिक अनर्थ ज्या तरतुदीमुळे होतो, ती कलम १२९ मधील चालू राहणाऱ्या हमीची. कॅश क्रेडिट खाते हे मुदत कर्जासारखे एकदा उचलून फेडायचे कर्ज नसते. कंपनी मालसाठा व येणी तारण ठेवून ठरलेल्या मर्यादेपर्यंत रोज रक्कम काढते व भरते. अशा खात्याची हमी एका व्यवहारापुरती नसून व्यवहारांच्या मालिकेसाठी असते. खात्यावरील शिल्लक एखाद्या दिवशी शून्यावर आली म्हणून हमी संपत नाही.

समजा, एखाद्या संचालकाने हमी दिली, काही वर्षांनी आपले भाग विकले आणि संचालकपदाचा राजीनामा दिला. कंपनी निबंधकाकडे त्याची नोंदही झाली. त्याने बँकेला मात्र काहीच कळवले नाही. त्यानंतर पाच वर्षांनी कंपनी थकबाकीत गेली, तर बँकेची मागणीची नोटीस त्याच्या पत्त्यावर आल्यास त्यात नवल नाही. हमी हा त्याचा आणि बँकेचा स्वतंत्र करार आहे आणि संचालकपद सोडल्याने तो आपोआप मोडत नाही. कलम १३० नुसार चालू हमी भविष्यातील व्यवहारांपुरती नोटीस देऊन मागे घेता येते. झालेल्या व्यवहारांचे दायित्व तरीही राहते. हमीदाराच्या मृत्यूनेही, करारात विरुद्ध अट नसेल तर, पुढील व्यवहारांची हमी संपते (कलम १३१). मृत्यूपूर्वी निर्माण झालेले देणे वारसांना मिळालेल्या मालमत्तेच्या मर्यादेत वसूल होऊ शकते.

मुदतीचा प्रश्नही येथेच उद्भवतो. मागणी केल्यावर रक्कम देऊ, असे हमीपत्रात लिहिलेले असेल तर दाव्याची मुदत कंपनीच्या कसुरीपासून सुरू होत नाही. अशा हमीत ती मागणी नाकारली किंवा अपुरी राहिली तेव्हापासून मोजली जाते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सिंडिकेट बँकेच्या खटल्यात दिला. ‘आता बरीच वर्षे झाली, प्रकरण मुदतबाह्य असेल’ असा हमीदाराचा अंदाज त्यामुळे अनेकदा चुकतो.

हमीदाराचे संरक्षण

१८७२ च्या कायद्याने हमीदाराला केवळ बांधून ठेवले नाही, त्याला संरक्षणही दिले. धनको व ऋणको यांनी हमीदाराच्या संमतीविना कराराच्या अटी बदलल्या तर बदलानंतरच्या व्यवहारांतून तो मुक्त होतो (कलम १३३). धनकोने ऋणकोला मुक्त केले (कलम १३४), त्याच्याशी तडजोड केली वा मुदतवाढीचे वचन दिले (कलम १३५), तरीही हमीदार सुटतो. नुसता दावा न लावता स्वस्थ बसणे मात्र मुक्तीचे कारण ठरत नाही (कलम १३७). खोटे सांगून वा महत्त्वाची गोष्ट दडवून घेतलेली हमी अवैध असते (कलमे १४२ व १४३).

याहून महत्त्वाचे आहेत ते रक्कम भरल्यानंतर मिळणारे हक्क. हमीदाराने आपले देणे पूर्ण चुकते केले की तो धनकोच्या जागी येतो आणि धनकोचे ऋणकोविरुद्धचे सर्व हक्क त्याला मिळतात (कलम १४०). यालाच प्रत्यासनाचा हक्क म्हणतात. धनकोकडील तारणांचा लाभ त्याला कलम १४१ नुसार मिळतो आणि भरलेली रक्कम ऋणकोकडून परत मिळण्याचे गर्भित वचन कलम १४५ ने दिले आहे. हमीदार अनेक असतील तर ते आपसात समान वाटा उचलतात (कलम १४६). त्यांच्या मर्यादा वेगवेगळ्या असतील तर प्रत्येक जण आपल्या मर्यादेपर्यंत समान भाग देतो (कलम १४७). कायद्यातील उदाहरणात तीन हमीदारांच्या मर्यादा १०,०००, २०,००० व ४०,००० रुपये आहेत. थकबाकी ४०,००० रुपयांची झाली तर पहिला १०,००० रुपये आणि उरलेले दोघे प्रत्येकी १५,००० रुपये देतात. परीक्षार्थींनी हे उदाहरण कागदावर सोडवून पाहावे; समान वाटणी आणि प्रमाणशीर वाटणी यांतला फरक त्यातून लगेच ध्यानात येतो.

थोडक्यात, मूळ रचना दोन पारड्यांची होती. एका पारड्यात कंपनीइतकेच दायित्व, तर दुसऱ्यात भरलेले पैसे कंपनीकडून वसूल करण्याचा हक्क. पहिले पारडे आजही तेवढेच जड आहे. दुसरे मात्र हलके होत गेले.

त्याची सुरुवात बँकांच्या छापील हमीपत्रांनीच केली. कलम १३३ ते १४१ मधील संरक्षणावर आपण पाणी सोडत आहोत, अशी अट या पत्रांत सर्रास आढळते आणि न्यायालयांनी अशा अटी सामान्यतः ग्राह्य धरल्या आहेत. बारीक टाइपातील ही पाने स्वाक्षरीपूर्वी किती जण वाचतात, हा प्रश्न येथे विचारण्याजोगा आहे.

नादारी संहितेनंतर

संहितेच्या भाग दोनमध्ये कंपन्यांची आणि भाग तीनमध्ये व्यक्ती व भागीदारी संस्थांची नादारी हाताळली आहे. कंपनीविरुद्ध प्रक्रिया सुरू झाली की कलम १४ नुसार तिच्यावरील दावे व वसुली स्थगित होते. या स्थगितीचा लाभ आपल्यालाही मिळावा, असे हमीदारांचे म्हणणे होते. जून २०१८ मधील अध्यादेशाने कलम १४ मध्ये दुरुस्ती करून हमीदारांना त्यातून स्पष्टपणे वगळले. ऑगस्ट २०१८ मध्ये स्टेट बँक विरुद्ध व्ही. रामकृष्णन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती केवळ स्पष्टीकरणात्मक असून पूर्वीच्या प्रकरणांनाही लागू होते, असे ठरवले. म्हणजे कंपनीला श्वास घेण्यास उसंत मिळते, परंतु तिच्यासाठी जामीन राहिलेल्या व्यक्तीला मिळत नाही.

१५ नोव्हेंबर २०१९ हा दिवस या विषयात विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्या एकाच तारखेला दोन स्वतंत्र घटना घडल्या. केंद्र सरकारने अधिसूचना काढून संहितेचा भाग तीन १ डिसेंबर २०१९ पासून केवळ एका गटाला लागू केला, तो गट म्हणजे कंपनी ऋणकोंचे वैयक्तिक हमीदार. त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने एस्सार स्टील प्रकरणात निकाल दिला. मंजूर निराकरण योजना कलम ३१ नुसार हमीदारांवरही बंधनकारक असते आणि कंपनीविरुद्धचा त्यांचा प्रत्यासनाचा हक्क योजनेद्वारे संपुष्टात आणता येतो, हे या निकालाने स्पष्ट झाले.

अधिसूचनेला अनेक हमीदारांनी आव्हान दिले. ललितकुमार जैन विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात २१ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. योजना मंजूर झाल्यावर कंपनीचे देणे संपते, मग सहविस्तारी दायित्व कसे उरते, हा हमीदारांचा युक्तिवाद वरकरणी बिनतोड होता. न्यायालयाने त्याला दिलेले उत्तर असे, की धनकोने आपल्या मर्जीने ऋणकोला मुक्त करणे वेगळे आणि नादारीच्या प्रक्रियेत कायद्याच्या परिणामाने ऋणको मुक्त होणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात कलम १३४ चे संरक्षण हमीदाराला मिळत नाही.

या दोन निर्णयांचा एकत्रित परिणाम आकड्यांत पाहणे उद्बोधक ठरेल. समजा, एका कंपनीकडे बँकेचे १ कोटी रुपये थकले आहेत. दोन संचालक आणि त्यांपैकी एकाचा मेहुणा असे तिघे हमीदार आहेत. निराकरण योजनेत नव्या खरेदीदाराकडून बँकेला ४० लाख रुपये मिळाले आणि योजनेने हमीदारांचा प्रत्यासनाचा हक्क संपवला. उरलेल्या ६० लाखांसाठी बँक तिघांपैकी कोणाकडेही जाऊ शकते. मेहुण्याकडे शहरात फ्लॅट आहे म्हणून तिने सर्व रक्कम त्याच्याकडूनच वसूल केली, असे धरू. कलम १४६ नुसार तो दोन्ही संचालकांकडून प्रत्येकी २० लाख मागू शकतो, अर्थात त्यांच्याकडे काही उरले असेल तर. कलम १४५ नुसार जी कंपनी त्याला ६० लाख देणे लागली असती, ती मात्र नव्या मालकाच्या हाती कर्जमुक्त होऊन पुन्हा धंदा करीत आहे आणि तिच्याकडे त्याचा काहीही दावा नाही.

नवा गुंतवणूकदार जुन्या दाव्यांच्या ओझ्यासह कंपनी घेणार नाही, हे या व्यवस्थेमागील तर्कशास्त्र खरे आहे. हमीदारांचे दावे उघडे ठेवले तर योजना पुढे जाणेच कठीण झाले असते. म्हणून न्यायालयाचा निष्कर्ष संहितेच्या उद्दिष्टाशी सुसंगत म्हणावा लागतो. परंतु त्याची किंमत हमीदाराने मोजली आहे, हेही तितक्याच स्पष्टपणे नोंदवले पाहिजे.

हमीदाराविरुद्धची प्रक्रिया

कंपनीची नादारी राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणासमोर चालू असेल तर तिच्या हमीदाराचे प्रकरणही कलम ६० नुसार तेथेच चालते. अर्ज हमीदार स्वतः (कलम ९४) किंवा धनको (कलम ९५) करू शकतो. निराकरण व्यावसायिक नेमला जातो, तो दहा दिवसांत अहवाल देतो आणि त्यानंतर चौदा दिवसांत न्यायाधिकरण अर्ज स्वीकारते किंवा फेटाळते, असे संहितेचे वेळापत्रक आहे. आपल्याला बाजू मांडण्याची संधी न देताच प्रक्रिया पुढे जाते, हा हमीदारांचा आक्षेप तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ९ नोव्हेंबर २०२३ रोजी फेटाळला. निराकरण व्यावसायिक केवळ माहिती गोळा करून शिफारस करतो. खरा न्यायनिर्णय कलम १०० च्या टप्प्यावर सुनावणीनंतरच होतो, असे पीठाने सांगितले.

अर्ज स्वीकारल्यावर १८० दिवसांची स्थगिती लागू होते. परतफेडीची योजना तयार होते आणि मतदान करणाऱ्या धनकोंच्या मूल्यानुसार तीन-चतुर्थांशांहून अधिक मतांनी ती संमत व्हावी लागते. योजना फेटाळली गेल्यास दिवाळखोरीचा मार्ग मोकळा होतो. व्यवसायाची साधने, गरजेच्या घरगुती वस्तू आणि ठरावीक मूल्यापर्यंतचे बोजारहित एकमेव राहते घर यांना कलम ७९ मध्ये वगळले आहे. ‘बोजारहित’ हा शब्द येथे निर्णायक आहे. हमीदाराने घर गहाण टाकले असेल तर हे संरक्षण उरत नाही.

२०१६ च्या मूळ संहितेत अर्ज दाखल होताच अंतरिम स्थगिती आपोआप लागू होण्याची तरतूद होती. काही हमीदार मालमत्तेचा लिलाव रोखण्यापुरतेच स्वतः अर्ज करतात, अशी धनकोंची तक्रार होती. ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात कंपनी ऋणकोंच्या वैयक्तिक हमीदारांना ही अंतरिम स्थगिती लागू राहू नये, असा प्रस्ताव होता.

ऐपत असूनही हमीचे पैसे न देणाऱ्या हमीदारालाही हेतुपुरस्सर थकबाकीदार ठरवता येते. रिझर्व्ह बँकेच्या ३० जुलै २०२४ च्या निर्देशावलीत हे स्पष्ट करण्यात आले होते. असा शिक्का बसला की नवे कर्ज मिळण्याचे दरवाजे जवळजवळ बंद होतात.

अर्थशास्त्रीय बाजू

बँका हमी का मागतात? मर्यादित दायित्वामुळे नफा झाला तर तो मालकाचा, तोटा मात्र एका मर्यादेपलीकडे कर्ज देणाऱ्याचा, अशी विषम स्थिती निर्माण होते. मालकाला बेफिकीर जोखीम घेण्याचा मोह होतो. यालाच नैतिक जोखीम म्हणतात. शिवाय कंपनीची खरी स्थिती मालकाला ठाऊक असते, बँकेला नसते. स्वतःची मालमत्ता पणाला लावायला तयार असणारा मालक आपल्या धंद्यावरील विश्वासाचा पुरावा देत असतो. छोट्या कंपनीत तर पैसा कंपनीतून कुटुंबाकडे वळवणे सोपे असते आणि हमी त्याला आळा घालते. ही सर्व कारणे ग्राह्य आहेत.

मात्र हमीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. हजारो कोटींचे कर्ज घेणाऱ्या उद्योगसमूहाच्या प्रवर्तकाने दिलेली हमी त्याच्या ज्ञात मालमत्तेच्या कित्येक पट असते. तिचे मूल्य वसुलीपेक्षा दबावासाठीच अधिक. याउलट एखाद्या औद्योगिक वसाहतीतील लघुउद्योजकाने २५ लाखांसाठी दिलेली हमी त्याच्या घराच्या किमतीएवढी असते आणि ती पूर्ण वसूल होऊ शकते. त्यातही घर पत्नीच्या वा वडिलांच्या नावे असेल तर त्यांचीही स्वाक्षरी घेतली जाते. नैतिक जोखमीचा युक्तिवाद कंपनी चालवणाऱ्या संचालकाला लागू पडतो. जिला कंपनीचा ताळेबंदही दाखवला जात नाही अशा कुटुंबीयाला किंवा नातेवाइकाला तो लागू पडत नाही. तरीही कायद्याच्या दृष्टीने दोघेही सारखेच हमीदार असतात.

ही उणीव काही अंशी भरून काढण्यासाठी केंद्र सरकार व सिडबी यांनी २००० मध्ये सूक्ष्म व लघुउद्योगांसाठी पतहमी निधी न्यासाची स्थापना केली. तारण आणि त्रयस्थ व्यक्तीची हमी न घेता दिलेल्या कर्जांना हा न्यास हमी देतो. तिची कमाल मर्यादा एप्रिल २०२३ पासून ५ कोटी आणि एप्रिल २०२५ पासून १० कोटी रुपये करण्यात आली. मेहुण्याच्या जागी येथे एक संस्था जामीन राहते, असे म्हणता येईल. न्यासाने बँकेचा दावा चुकता केला तरी उद्योजकाचे कर्ज माफ होत नाही. बँकेने त्याच्याकडून वसुली चालूच ठेवायची असते आणि वसूल झालेल्या रकमेतील आपला वाटा न्यासाला परत मिळतो.